मोठ्या झूमचा कॅमेरा : मालाचा खरा फोटो कसा घ्यावा?

पूर्वी आमच्या कापड धंद्यात नमुना चालत असे. वीतभर तुकडा कापायचा, त्याला भावाची चिठ्ठी टाचायची आणि टपालाने गिऱ्हाइकाकडे पाठवायचा, ही रीत होती. गिऱ्हाईक कापड बोटांत धरून पाहत असे, दारात उजेडाला नेऊन रंग पारखत असे आणि मगच मागणी नोंदवीत असे. आज नमुन्याची जागा फोटोने घेतली आहे. सकाळी फोटो गेला की दुपारी ऑर्डर येते. सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक जोखीमही आली. नमुना कधी खोटे बोलत नव्हता. फोटो बोलतो, आणि पुष्कळदा फोटो काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मला हा धडा चार डझन साड्यांनी शिकविला. रमजानपूर्वीच्या हंगामात विदर्भातील एका जुन्या व्यापाऱ्याला मी फोटोवरून माल पाठविला होता. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"शेठ, फोटोत मी फिरोजी पाहिला. पार्सलमधून मोरपंखी हिरवा निघाला."

"भाऊ, माल तर एक नंबर आहे," मी म्हणालो.

"माल चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा मी मागविला नव्हता."

त्यांचे म्हणणे खरे होते. माल परत आला, दोन्ही बाजूंचे भाडे मी भरले. भाड्यापेक्षा त्यांच्या आवाजातला संशय मला अधिक लागला. मालातील दोष लपविणे आपल्याला मना आहे, हे आपण सर्व जाणतो. मी काही लपविले नव्हते. पण नकळत रंग बदलून दाखविला तरी गिऱ्हाइकाचे नुकसान तेवढेच होते आणि आपली पतही तेवढीच जाते.

मी सगळा राग कॅमेऱ्यावर काढला. तो मोठ्या झूमचा, हाती फिरलेला कॅमेरा मी हौसेने घेतला होता. पन्नास पट झूम असलेला कॅमेरा मोबाइलपेक्षा चांगलाच फोटो देणार, अशी माझी समजूत होती. माझा भाचा संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "मामू, त्या कॅमेऱ्याला का दोष देता? रात्री दहा वाजता, ट्यूबलाइटखाली, हातात धरून, पूर्ण झूम करून फोटो घेतला. बिचाऱ्याने काय करावे?"

माझे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. कॅमेऱ्याची इंग्रजी पुस्तिका भाचा वाचून सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. जुम्याला आमच्या मालेगावातील यंत्रमाग बंद असतात. त्या दिवशी नमाजनंतर आम्ही दोघे ताके मांडून फोटो काढत बसू. त्या वहीतील अनुभवाला उतरलेल्या गोष्टी व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी येथे देत आहे.

हा कॅमेरा आहे तरी काय?

ज्या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नाही आणि त्या एकाच भिंगात जवळचे व फार दूरचे असे दोन्ही टिपण्याची सोय असते, त्याला सुपरझूम म्हणतात. २४ मिलिमीटरपासून १२०० मिलिमीटरपर्यंत म्हणजे ५० पट झूम झाला. निकॉनचा २०१८ साली आलेला पी १००० तर २४ ते ३००० मिलिमीटर, म्हणजे १२५ पट जातो.

हे आकडे वाचून माणूस भुलतो. पण यात एक मेख आहे. हे खरे मिलिमीटर नव्हेत. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना करून सांगितलेले आकडे आहेत. ५० पट झूमच्या कॅमेऱ्यातील भिंगाची खरी लांबी ४.३ ते २१५ मिलिमीटर इतकीच असू शकते. एवढ्या लहान भिंगात एवढा पल्ला बसतो, कारण प्रकाश टिपणारी चकती, म्हणजेच सेन्सर, अगदी लहान असतो. बहुतेक सुपरझूममध्ये तो सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखाहूनही लहान! फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर सुपरझूमचा सेन्सर तिच्या तिसाव्या भागाएवढा भरतो.

लहान सेन्सरवर प्रकाश थोडा पडतो. या कॅमेऱ्याच्या सगळ्या खोडी येथूनच निघतात, आणि उपायही येथेच आहेत. त्याला भरपूर प्रकाश द्यावा, स्थिर ठेवावे आणि झूम हात राखून वापरावा. एवढे पाळले तर जुना कॅमेराही आपले काम चोख करतो.

कोणी विचारील, मोबाइल असताना हा कॅमेरा कशाला? प्रश्न बरोबर आहे. आजचे चांगले मोबाइल अंधुक उजेडात अनेक फोटो एकत्र करून एक फोटो बनवितात. तेथे जुना सुपरझूम मागे पडतो. परंतु मोबाइल आपल्या मर्जीने रंग भडक करतो, कडा कोरतो, आणि दर वेळी वेगळे करतो. कॅमेऱ्यावर एकदा बसविलेले माप तेच राहते. शंभर ताक्यांचे फोटो एकसारखे हवे असतील तर याचा मोठा उपयोग आहे.

झूम किती करावा?

पूर्ण झूम करू नये आणि अगदी बिनझूमही काढू नये. बिनझूम काढल्यास जवळ जावे लागते. मग साडीचे सरळ काठ बाहेरच्या बाजूला फुगलेले दिसतात, आणि जवळचा पदर मोठा व दूरचा लहान दिसतो. उलट पूर्ण झूमवर भिंगाची धार कमी होते, आत येणारा प्रकाशही घटतो. माझ्या कॅमेऱ्यात हे छिद्र बिनझूम असताना एफ ३.४ आणि पूर्ण झूमवर एफ ६.५ असते, म्हणजे प्रकाश जवळजवळ पावपट राहतो. बाहेर उन्हात दूरचा फोटो घेतला तर तापलेल्या हवेच्या लाटांनी चित्र थरथरते, ते वेगळेच.

कापडासाठी दोन-तीन मीटर मागे उभे राहून ५० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान झूम ठेवावा. विणीचा जवळचा फोटोही भिंग कापडाला टेकवून घेऊ नये, कारण कॅमेऱ्याचीच सावली पडते. थोडे मागे येऊन बेताचा झूम करावा.

डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन बंदच करून टाकावा. तो झूम नव्हेच. स्टेंटरवर ओढून कापडाचा पन्हा वाढवावा तसा तो प्रकार आहे. पन्हा वाढलेला दिसतो, सूत तेवढेच राहते आणि वीण विरळ होते.

प्रकाश आणि आयएसओ

प्रकाश कमी पडला की कॅमेरा आलेल्या प्रकाशाला आतून जोर लावतो. त्या जोराचे माप म्हणजे आयएसओ. जोर वाढला की चित्रात दाणे येतात. मग कॅमेरा ते दाणे पुसतो, आणि पुसताना त्याला दाणा कोणता व सूत कोणते हे कळत नाही. ताणा-बाणा सगळा मेण फासल्यासारखा गुळगुळीत होतो. माणसाच्या फोटोत हे खपून जाते. कापडाच्या फोटोत वीणच गेली तर गिऱ्हाइकाने पाहायचे काय?

म्हणून आयएसओ ऑटोवर ठेवू नये. कॅमेऱ्यात असेल तो सर्वांत कमी आकडा, ८० किंवा १००, पक्का बसवावा. २०० पर्यंत चालते. ४०० पासून बारीक विणीचे नुकसान दिसू लागते.

प्रकाशासाठी पैसा खर्चण्याची गरज नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिच्याजवळ सकाळी दहा-अकराच्या सुमारास माल मांडावा. खिडकी एका बाजूला यावी. तिरप्या उजेडाने टॉवेलचे फंदे, हिमरूची नक्षी आणि भरतकाम उठून दिसते. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा पत्रा उभा केला की सावली मऊ होते. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. समोरून झोत पडला की वीण सपाट होते आणि जर पांढरीफटक पडते.

हात नको, तिपाई हवी

आयएसओ कमी ठेवला की फोटोला वेळ अधिक लागतो. कधी पाव सेकंदही लागतो. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. जुना ठोकताळा असा की, १०० मिलिमीटर झूम असेल तर निदान एक शतांश सेकंद आणि १२०० मिलिमीटर असेल तर एक भागिले बाराशे सेकंद इतका शटर वेगवान हवा. कॅमेऱ्यातील कंप आवरणारी योजना यात बरीच सूट देते, पण तिपाईची सर तिला नाही. कापड काही पळून जात नाही, तेव्हा साधी पण भक्कम तिपाई घ्यावी.

तिपाई लावल्यावर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, कंप आवरणारी योजना बंद करावी, कारण स्थिर कॅमेऱ्यात ती नसलेला कंप शोधू लागते. दुसरी, दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबताना बसलेला धक्का फोटोत येत नाही. तिसरी, छताचा पंखा बंद करावा. पदराचे टोक हलत असेल तर तिपाईचा काय उपयोग?

कारखान्यात माग चालू असताना तिपाईही कामाची नाही. फरशीच थरथरत असते. आणि चालू मागांच्या मधोमध कॅमेरा डोळ्याला लावून हिंडणे जिवावर बेतू शकते. चालू मागाचा फोटो हवाच असेल तर दाराशी उभे राहून झूमने घ्यावा. मोठ्या झूमचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

छिद्र किती ठेवावे?

मोठ्या कॅमेऱ्यावाले सांगतात की छिद्र एफ ८ किंवा एफ ११ ठेवा, फोटो धारदार येतो. त्यांचे म्हणणे त्यांच्या कॅमेऱ्यापुरते खरे आहे. आपल्या लहान सेन्सरवर ते उलटे पडते. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. १२ मेगापिक्सेलच्या सुपरझूममध्ये सेन्सरवरील एकेक बिंदू सुमारे दीड मायक्रॉनचा असतो. एफ ८ वर प्रकाशाचा एक ठिपका जवळजवळ साडेदहा मायक्रॉन पसरतो, म्हणजे सात बिंदूंवर रेलतो. मग धार कोठून येणार?

म्हणून छिद्र एफ ४ ते एफ ५.६ च्या आत ठेवावे. भिंगाची खरी लांबी कमी असल्यामुळे तेवढ्यातही पुढची व मागची घडी दोन्ही स्पष्ट येतात.

रंगाचा प्रश्न

माझी साडी फसली ती येथे. प्रत्येक दिव्याच्या प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. आपला डोळा तो आपोआप वजा करतो. कॅमेरा अंदाज करतो, आणि समोर सगळे एकाच रंगाचे कापड भरलेले असेल तर अंदाज हमखास चुकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता हाताने बसवावा. कापड जेथे मांडले तेथेच राखाडी कार्ड ठेवून, मेनूतील कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये त्याचे माप द्यावे. असे कार्ड फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळते. पांढऱ्या कापडाने माप देऊ नये. त्यात पांढरेपणा वाढविणारे रसायन असते आणि ते निळसर झाक मारते. आणि आपले ग्रे कापड तर मुळीच चालणार नाही. ते नावाचेच ग्रे, असते पिवळट!

दोन जातींचे उजेड एकत्र करू नयेत. खिडकीचा उजेड घेतला तर ट्यूबलाइट बंद करावी. रात्री काम करणे भागच असेल तर सगळे दिवे एकाच जातीचे, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक लिहिलेले घ्यावेत. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिची झाक कापडावर पडते, म्हणून मागे व बाजूला पांढरा किंवा राखाडी पडदा लावावा.

रंगारी मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. शेड जुळली की नाही हे ते दारात, दिवसाच्या उजेडात पाहतात. दिवसा जुळलेल्या दोन शेड रात्री दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आपण फोटो काढताना तोच नियम विसरतो.

कॅमेऱ्यातील रंग भडक करण्याची सोयही बंद ठेवावी. मेनूत तिला व्हिव्हिड म्हणतात. कडा कोरण्याचे माप, म्हणजे शार्पनेस, एक पायरी खाली आणावे. एवढे करूनही मोरपंखी, फिरोजी आणि जांभळा हे रंग कॅमेऱ्यात निळ्याकडे झुकू शकतात. त्यांच्या फोटोबरोबर प्रत्यक्षात रंग कसा आहे ते शब्दांत लिहावे.

पांढरा, काळा आणि जर

कॅमेरा समोरचा माल मध्यम उजळ आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरी मलमल मळकट राखाडी येते आणि काळा बुरखा धुरकट येतो. अधिक-उणे चिन्हाचे बटण याचसाठी असते. पांढऱ्या व मोतिया मालाला अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक, काळ्या मालाला उणे दोन तृतीयांश ते उणे एक, असे ठेवून पाहावे.

जरीचे काम आणि गडद लाल किंवा राणी रंग यांना उणे एक तृतीयांश द्यावे. लहान सेन्सर चमक सोसू शकत नाही. जर पांढरी पडली किंवा लालाचा नुसता डाग झाला, तर आतली नक्षी नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

बारीक चौकडीचा दोष

बारीक चौकडी, लुंगीचे पट्टे किंवा शर्टिंग यांच्या फोटोत कधी कधी इंद्रधनुष्यासारख्या लहरी दिसतात. त्याला मोआरे म्हणतात. विणीच्या ओळी आणि सेन्सरच्या बिंदूंच्या ओळी एकमेकींवर आल्या की असे होते. कापडात दोष नसतो, पण गिऱ्हाईक विचारते, "यावर डाग कसले?" उपाय सोपा आहे. कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्यावा, थोडा तिरपा करावा किंवा झूम किंचित बदलावा. फोटो लहान करून मोबाइलवर पाहतानाही या लहरी उमटतात, म्हणून पाठविण्यापूर्वी मोबाइलवर एकदा पाहून घ्यावे.

फोटो पाठविताना

फोटो सर्वांत मोठ्या आकारात व उत्तम प्रतीत साठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविला तर तो दाबून लहान केला जातो आणि वीण पुन्हा जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठविला तर जसाच्या तसा पोचतो. एका मालाचे निदान चार फोटो असावेत : पूर्ण साडी, पदर, काठाजवळ ठेवलेली फूटपट्टी आणि विणीचा जवळचा फोटो. मालात डाग किंवा तुटका धागा असेल तर पाचवा फोटो त्याचा असावा, आणि भाव त्याप्रमाणे सांगावा.

जुना कॅमेरा घेताना

पूर्ण झूम करून भिंग सरळ बाहेर येते का, आवाज करते का, ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन काळे ठिपके शोधावेत. टॉर्च मारून भिंगात बुरशीचे जाळे आहे का तेही पाहावे. भिवंडी, मुंबई व कोकणातील दमट हवेत बुरशी लवकर धरते. तेथील बांधवांनी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावा. कारखान्यात भिंग वारंवार आत-बाहेर करू नये, कारण उडणारी रुई त्याबरोबर आत ओढली जाते. खर्चाची ऐपत असेल तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरचा सुपरझूम पाहावा. पॅनासॉनिकचा २०१४ चा एफझेड १००० आणि सोनीचा २०१७ चा आरएक्स १० मार्क ४ हे त्या जातीचे आहेत. त्यांचा झूम कमी, १६ आणि २५ पट आहे, पण सेन्सर चौपट मोठा आहे. आपल्या धंद्याला झूमपेक्षा सेन्सर अधिक उपयोगी पडतो.

विदर्भातील त्या व्यापाऱ्यांना मी पुढच्या हंगामात पुन्हा फोटो पाठविले. या वेळी खिडकीच्या उजेडात काढलेले, रंगाचे नाव शब्दांत लिहिलेले, आणि सोबत जुन्या रीतीप्रमाणे टपालाने वीतभर तुकडा. त्यांनी एकच डझन मागविल्या. माल मिळाल्यावर फोन आला, "शेठ, या वेळी फोटो आणि कपडा एकच आहे." पुन्हा चार डझनांवर यायला त्यांना दीड वर्ष लागले.

आता माझ्या दुकानात एक नियम आहे. फोटो पाठविण्याआधी मोबाइल एका हातात आणि ते कापड दुसऱ्या हातात घेऊन दारात उजेडाला जायचे. दोन्ही जुळले तरच फोटो पाठवायचा. न जुळल्यास पुन्हा काढायचा. यात पाच मिनिटे जातात. चार डझन साड्या परत येण्यापेक्षा ती स्वस्त पडतात.